‘९७ टक्के रुग्ण वाचतात’ म्हणजे नेमकं काय? अपघाताच्या रुग्णांसाठी हॉस्पिटलचा दर्जा कसा ओळखायचा?

कोरा कागद

माझा धाकटा भाऊ मागच्या वर्षी रात्री मोटरसायकलवरून येत असताना समोरच्या गाडीने त्याला उडवलं. मांडीचं हाड मोडलं, डावीकडच्या बरगड्या मोडल्या, पोटातल्या स्प्लीनला (प्लीहेला) मार बसला. शुद्धीत होता, बोलत होता. सगळ्यात जवळचं म्हणून आधी ज्या हॉस्पिटलात नेलं तिथे सलाईन लावलं, हनुवटीला टाके घातले आणि अडीच तासांनी सांगितलं, “आमच्याकडे सोय नाही, मोठ्या हॉस्पिटलात न्या.”

मोठ्या हॉस्पिटलात त्याचा जीव वाचला, ते ऋण मी विसरणार नाही. पण दहाव्या दिवशी त्याला पहिल्यांदा पलंगावरून उतरवलं आणि उजवं पाऊल टेकताच त्याने किंकाळी फोडली. त्या पावलाचा एक्स-रे तोवर कोणी काढलाच नव्हता. आतली दोन हाडं मोडून सरकली होती. आज मांडी, बरगड्या, पोट सगळं बरं आहे. पावलामुळे मात्र तो काठी घेऊन चालतो, आणि दिवसभर उभं राहून करायचं त्याचं काम सुटलं.

आता मूळ प्रश्न. एका मैत्रिणीच्या सोसायटीला अपघात झाल्यास रुग्णाला कुठे न्यायचं हे आधीच ठरवून ठेवायचं आहे. तिने दोन हॉस्पिटलांत चौकशी केली. एकाच्या माहितीपत्रकात छापलंय, ‘अपघातातले ९७ टक्के रुग्ण वाचतात’. दुसऱ्याने विचारल्यावर ९१ सांगितले. तिने मला विचारलं, मी पटकन ९७ वालं म्हणणार होते. मग लक्षात आलं, माझा भाऊसुद्धा कुठल्यातरी ९७ मध्ये ‘वाचलेला’ म्हणूनच मोजला गेला असणार. तेव्हापासून झोप नीट लागत नाहीये. हा दर्जा मोजतात तरी कसा? जाणकारांनी कृपया सांगावं.

चांदणवेल

वाचून पोटात कालवलं. भावाला लवकर बरं वाटो.
मला तरी सरळ वाटतं. जिथे कमी माणसं दगावतात ते हॉस्पिटल चांगलं. ९७ आणि ९१ मध्ये सहा टक्क्यांचा फरक म्हणजे शंभरातली सहा माणसं. हा फरक लहान नाही.

पै न पै

चांदणवेल, तुमचा हिशोब सगळेच करतात, आणि तो फसवा आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

‘अ’ हॉस्पिटलात वर्षाला १००० जखमी येतात. त्यातले ९०० किरकोळ, १०० गंभीर. किरकोळांपैकी १८ दगावले, गंभीरांपैकी ३०. एकूण ४८, म्हणजे ४.८ टक्के.

‘ब’ मध्येही १००० येतात, पण ५०० किरकोळ आणि ५०० गंभीर. किरकोळांपैकी ५ दगावले, गंभीरांपैकी १००. एकूण १०५, म्हणजे १०.५ टक्के.

वरून पाहिलं तर ‘ब’ दुपटीहून वाईट. आता आत डोकावा. किरकोळांत ‘अ’ चे २ टक्के दगावले, ‘ब’ चा १ टक्का. गंभीरांत ‘अ’ चे ३० टक्के, ‘ब’ चे २० टक्के. दोन्ही गटांत ‘ब’ चांगलं आहे! फक्त त्यांच्याकडे कठीण रुग्ण जास्त येतात, आणि ते येतात कारण आजूबाजूचे सगळे तिथेच पाठवतात. त्यामुळे ९१ वालं हॉस्पिटल वाईट आहे असं या आकड्यावरून म्हणता येणार नाही. चांगलं आहे असंही म्हणता येणार नाही.

तिरकी रेघ

पै न पै, गणित कळलं, पण एक शंका. उद्या प्रत्येक हॉस्पिटल म्हणेल, ‘आमच्याकडे गंभीर रुग्ण येतात हो, म्हणून दगावतात’. गंभीर कोण, हे ठरवणार कोण? ज्याची परीक्षा आहे त्यानेच पेपर किती कठीण होता ते सांगायचं का?

ओटी नंबर दोन

तिरकी रेघ, नेमक्या याच प्रश्नासाठी पन्नासेक वर्षं डोकेफोड चालू आहे. मी सर्जन आहे, यात थोडं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रत्येक इजेला १ ते ६ गुण देण्याची एक पद्धत आहे, तिला एआयएस म्हणतात. १ म्हणजे किरकोळ, ५ म्हणजे जीव जाईल की राहील अशी, ६ म्हणजे जिच्यावर उपायच नाही अशी. त्यावरून १९७४ मध्ये सुझन बेकर आणि सहकाऱ्यांनी आयएसएस, म्हणजे सगळ्या इजांचा मिळून एक आकडा, काढला. शरीराचे सहा भाग पाडायचे, प्रत्येक भागातली सर्वात मोठी इजा घ्यायची, त्यातल्या वरच्या तीन भागांच्या गुणांचे वर्ग करून बेरीज करायची. कमाल ७५. पंधराच्या वर गेला की ‘मोठा ट्रॉमा’ धरतात (ट्रॉमा म्हणजे शरीराला झालेली इजा).

हे झालं इजेचं. शरीर त्या इजेला कसं तोंड देतंय, हे बीपी, श्वासाचा वेग आणि ग्लासगो कोमा स्केल (जीसीएस, शुद्ध किती आहे त्याचे गुण) यांवरून कळतं. (जीसीएसही १९७४ चाच, ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांचा.) हे सगळं, शिवाय वय आणि इजा बोथट की भोसकल्याची, एवढं एका सूत्रात घालून १९८७ मध्ये ‘ट्रिस’ तयार झालं. त्यातून प्रत्येक रुग्णाची वाचण्याची शक्यता निघते.

मग हॉस्पिटलची तुलना सोपी होते. समजा ५०० रुग्ण आले. प्रत्येकाच्या शक्यतांची बेरीज केली तर ४५० वाचायला हवे होते. प्रत्यक्षात ४६० वाचले. म्हणजे दर शंभरामागे अपेक्षेपेक्षा दोन जास्त. ४४० वाचले असते तर दोन कमी, आणि मग त्या केसपेपरांमागे बसणं भाग आहे.

कोरा कागद, तुम्ही लिहिलेल्या इजांवरून अंदाज करतो. मांडीचं हाड ३, बरगड्या ३, स्प्लीन ३ धरलं तर ९ अधिक ९ अधिक ९, आयएसएस २७. पोचताना बीपी, श्वास, शुद्ध ठीक असेल तर तरुण माणसासाठी ट्रिस सांगतं, वाचण्याची शक्यता सुमारे ९७ टक्के.

कोरा कागद

आणि पाऊल? ते कुठे धरलंत?

ओटी नंबर दोन

कुठेच नाही. पाऊल आणि मांडी एकाच भागात येतात, हातपायांच्या. त्या भागातली सर्वात मोठी इजा मांडीची, म्हणून पावलाचे गुण बेरजेत येत नाहीत. पाऊल पहिल्याच दिवशी सापडलं असतं तरी आकडा २७ च राहिला असता.

कोरा कागद

म्हणजे ज्या इजेने त्याचं काम गेलं ती या मोजणीत नाहीच.
जरा वेळाने परत येते.

जुना वाचक

धागाकर्तीला थोडा श्वास घेऊ द्या. तोवर एक कोडं: आयएसएस कधीच १५ का येत नाही?

अनवट

तीन वर्गांची बेरीज १५ होऊच शकत नाही म्हणून! ९+४+१ केले की १४, पुढचा १ घालायला चौथा वर्ग लागतो. ७ पण येणार नाही. २३ पण नाही.

जुना वाचक

शाब्बास! म्हणजे ‘पंधराच्या वर’ आणि ‘सोळा किंवा जास्त’ हे इथे एकच. या विषयावरचे निबंध वाचताना दोन्ही लिहिलेलं दिसतं आणि माणूस गोंधळतो.

चांदणवेल

जुना वाचक, कुठल्याही धाग्यात कोडं शोधायची तुमची हातोटी न्यारी आहे :)

पै न पै

ट्रिसवर माझेही आक्षेप आहेत. त्याने वयाची एकच रेषा मारली आहे, ५५ ची. वरच्याच उदाहरणातला माणूस ५४ चा असेल तर शक्यता ९७ टक्के, आणि ५५ वा वाढदिवस झाला की एका रात्रीत सुमारे ८७. खरं शरीर असं वागत नाही. ३० आणि ५४ मात्र त्याला सारखेच. म्हणून नंतरच्या मॉडेलांनी वय पायरीपायरीने घेतलं, आधीचे आजारही धरले.

दुसरं म्हणजे लहान संख्या. एखाद्या हॉस्पिटलात वर्षाला ४० अतिगंभीर रुग्ण येतात आणि त्यातले ८ दगावतील अशी अपेक्षा आहे. काम अगदी जसंच्या तसं राहिलं तरी निव्वळ योगायोगाने एका वर्षी ३ दगावतील, एका वर्षी १३. पहिल्या वर्षी सत्कार, दुसऱ्या वर्षी चौकशी! दोन्ही चूक. म्हणून जाणते लोक हॉस्पिटलांची एक-दोन-तीन अशी यादी लावत नाहीत, नरसाळ्याच्या आकाराचा आलेख काढतात, त्यात एक ठिपका म्हणजे एक हॉस्पिटल. रुग्ण कमी तिथे नरसाळं रुंद, जास्त तिथे अरुंद. जो ठिपका नरसाळ्याच्या बाहेर पडेल त्याकडेच बोट दाखवायचं.

रात्रपाळी

मी इमर्जन्सीत सिस्टर आहे, बारा वर्षं झाली. वरचं सगळं बरोबर असेल, पण हे आकडे येतात कुठून ते सांगते.

सिरियस रुग्ण आला की पहिल्या वीस मिनिटांत लिहायला कोणाचे हात मोकळे नसतात. मी डाव्या मनगटावर पांढरी चिकटपट्टी लावते आणि तिच्यावर बॉलपेनने लिहीत जाते. आला किती वाजता, बीपी किती, श्वासाची ट्यूब कधी टाकली, रक्त कधी लावलं. नंतर तेच केसपेपरवर उतरवते. जिथे अशी सवय नाही तिथे दोन तासांनी आठवून लिहितात, आणि आठवून लिहिलेल्या वेळा नेहमी गोल असतात. १०:००, १०:३०, ११:००. ज्या हॉस्पिटलच्या कागदावर सगळ्या वेळा गोल आहेत त्याच्या सरासरीवर माझा विश्वास बसत नाही.

श्वासाचा वेग तर सर्वात दुर्लक्षित. मोजायला वेळ लागतो म्हणून अंदाजाने १८ किंवा २० लिहून टाकतात. ट्यूब टाकून आलेल्या रुग्णाचा जीसीएस कसा धरायचा? तो बोलूच शकत नाही. कोणी त्याचे बोलण्याचे गुण १ धरतं, कोणी रकाना मोकळा सोडतं. आणि मोकळा रकाना बहुतेक वेळा सर्वात गंभीर रुग्णाचाच असतो. असे रुग्ण हिशोबातून वगळले की हॉस्पिटल आपोआप चांगलं दिसायला लागतं, कोणी मुद्दाम काही केलेलं नसतानाही.

ताई, ९७ च्या आकड्याबद्दल एकच विचारा. कॅज्युअल्टीतच गेलेला रुग्ण त्यात धरलाय का? कित्येक ठिकाणी ‘ॲडमिट झालेले’ एवढेच मोजतात. दारात आला, अर्ध्या तासात गेला, ॲडमिशन नंबर पडलाच नाही, तर तो कुठेच नाही.

तिरकी रेघ

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद जपून ठेवतोय. आणि पुढे पाठवलेले? कोरा कागद यांच्या भावासारखे?

रात्रपाळी

पहिल्या हॉस्पिटलच्या वहीत ‘रेफर केला’. तिथे तो जिवंत होता, म्हणून त्यांचा मृत्युदर सुरक्षित. तिथे गेलेल्या अडीच तासांचं जे काही झालं ते दुसऱ्याच्या खात्यावर.

शिंपला

मी फिजिओथेरपिस्ट. कोरा कागद, दहाव्या दिवशी पाऊल सापडणं तुमच्याच वाट्याला आलेलं नाही. अनेक ठिकाणी मार असला की छोट्या हाडांचे मार मागे राहतात, पाऊल आणि मनगट सगळ्यात जास्त. सुरुवातीला जीव वाचवायचा असतो, तेव्हा पायाच्या बोटांकडे कोण बघणार, ते बरोबरच आहे. पण म्हणूनच साधारण चोवीस तासांनी, रुग्ण थोडा सावरला की डोक्यापासून पायापर्यंत प्रत्येक सांधा हाताने दाबून पुन्हा बघायचा असतो. तिसरी तपासणी म्हणतात तिला. आयसीयूत असलेल्यांची शुद्धीवर आल्यावर परत करायची. त्याला मशीन लागत नाही, पंधरा-वीस मिनिटं लागतात. दर्जा मोजायचा तर ‘किती टक्के रुग्णांची तिसरी तपासणी झाल्याची नोंद आहे’ हे मी सगळ्यात वर ठेवेन.

आणि घरी गेल्यानंतरचं काय? ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याची ट्रॉमा नोंदवही २००१ पासून आहे. ते मोठ्या जखमींना सहा महिन्यांनी, वर्षाने, दोन वर्षांनी फोन करतात. दुखतं का, चालता येतं का, कामावर परतलात का, एवढंच विचारतात. त्या फोनवर तुमच्या भावाने ‘काठी’ म्हटलं असतं आणि ते नोंदलं गेलं असतं. डिस्चार्जच्या दिवशी ‘जिवंत’ एवढंच लिहून वही मिटणं मला पटत नाही.

जुना वाचक

शिंपला यांच्या फोनवरून बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन आठवले. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या प्रत्येक रुग्णाची वर्षभराने खबर घ्यायची ठरवली, आणि इतर हॉस्पिटलांनीही तेच करावं म्हणून भांडले. कोणी ऐकेना तेव्हा स्वतःचं छोटं हॉस्पिटल चालवलं. १९११ ते १९१६ मध्ये तिथून घरी गेलेले ३३७ रुग्ण आणि त्यांच्यावर उपचार करताना झालेल्या १२३ चुका त्यांनी स्वतः छापून प्रसिद्ध केल्या. सहकाऱ्यांनी त्यांना जवळजवळ वाळीत टाकलं. अशी माणसं फार थोडी, त्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटतो.

ओटी नंबर दोन

जुना वाचक, छान आठवण. ट्रॉमाच्या क्षेत्रात तसाच धक्का १९७९ मध्ये बसला. कॅलिफोर्नियातल्या दोन भागांची तुलना झाली. सॅन फ्रान्सिस्कोत सगळे जखमी एकाच ट्रॉमा सेंटरला, म्हणजे गंभीर जखमींसाठी सज्ज हॉस्पिटलला, नेत. ऑरेंज काउंटीत जे जवळ असेल तिथे, आणि अशी चाळीसेक हॉस्पिटलं. दोन्हीकडचे वाहन अपघातातले प्रत्येकी नव्वदेक मृत्यू घेऊन तज्ज्ञांनी एकेक केस वाचली. ऑरेंज काउंटीत डोक्याला मार नसलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश मृत्यू टाळता आले असते असं निघालं. सॅन फ्रान्सिस्कोत असा जेमतेम एक. त्यानंतर ऑरेंज काउंटीने ट्रॉमा सेंटरं ठरवून दिली.

‘जवळचं हॉस्पिटल’ हा आपल्या सगळ्यांच्या मनातला पहिला विचार असतो. तो इथे उलटा पडतो. २००६ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात ट्रॉमा सेंटरमध्ये नेलेल्यांपैकी वर्षभरात १०.४ टक्के दगावले, इतर हॉस्पिटलांत १३.८ टक्के. तेही इजांची तीव्रता सारखी करून घेतल्यावर.

चांदणवेल

डॉक्टर, मग ‘गोल्डन अवर’चं काय? पहिला तास महत्त्वाचा म्हणतात ना? लांबच्या हॉस्पिटलात नेण्यात तोच गेला तर?

ओटी नंबर दोन

वेळ महत्त्वाची आहेच, पण साठ मिनिटांना काही जादू नाही. रक्त वाहतंय अशा माणसाला पंधरा मिनिटंसुद्धा जास्त असतात, मोडलेल्या मांडीला काही तास चालतात. घड्याळ खरंच कुठे लागू पडतं त्याचं उदाहरण म्हणजे ट्रॅनेक्सामिक ॲसिड. रक्तस्राव थांबायला मदत करणारं, जुनं, सहज मिळणारं इंजेक्शन. २०१० मध्ये ४० देशांतल्या २०,००० हून जास्त जखमींवर त्याची चाचणी झाली. मृत्यू १६ टक्क्यांवरून १४.५ वर आले. पण पुढच्या विश्लेषणात दिसलं की फायदा पहिल्या तीन तासांत दिलं तरच. तीन तासांनंतर दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू उलट वाढले. म्हणून ‘रक्तस्राव असलेल्या किती जणांना तीन तासांच्या आत मिळालं’ हा मला आवडणारा मापदंड आहे. त्याला सूत्र नको, इजेची आणि इंजेक्शनची अशा दोनच वेळा नीट लिहिलेल्या हव्यात. उघड्या फ्रॅक्चरला अँटिबायोटिक कधी मिळालं, जीसीएस आठ किंवा खाली असताना ट्यूब कधी टाकली, सीटी कधी झालं, हे त्याच जातीचे.

अनवट

माझ्या आईबद्दल लिहू का? ती ७८ वर्षांची, घरातच सतरंजीत पाय अडकून पडली. कॅज्युअल्टीत सगळे म्हणाले, ‘म्हातारं माणूस आहे, घसरून पडलंय’. चार तास स्ट्रेचरवर होती. बरगड्या आणि डोक्यात रक्तस्राव, दोन्ही निघालं. तिच्यासाठी कोणी धावत आलं नाही, मोटरसायकलवाल्यासाठी आले असते. ती आता आमच्यात नाही.

ओटी नंबर दोन

अनवट, वाईट वाटलं. तुम्ही लिहिलंत ते आमच्या क्षेत्रानेही उशिरा मान्य केलं. ब्रिटनच्या राष्ट्रीय ट्रॉमा नोंदवहीत, टार्न म्हणायचे तिला, मोठ्या ट्रॉमाचं सर्वात मोठं कारण रस्ते अपघात राहिलं नाही. दोन मीटरपेक्षा कमी उंचीवरून पडणं हे झालं, आणि ते बहुतेक वृद्ध. जिथे फक्त ‘ट्रॉमा कॉल’ दिलेले, म्हणजे ज्यांच्यासाठी टीमला तातडीने बोलावलं असे, रुग्ण मोजतात तिथे तुमच्या आईसारखी माणसं मापात येतच नाहीत. चांगलं हॉस्पिटल उलटी तपासणी करतं: ज्यांचा आयएसएस नंतर १६ किंवा जास्त निघाला, पण येताना ज्यांच्यासाठी टीम बोलावली नव्हती, असे किती? अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत ठेवायला सांगतं. त्यापायी पंचवीस ते पस्तीस टक्के वेळा टीमला उगाच धावावं लागलं तरी चालेल म्हणतं.

तिरकी रेघ

मग हे सगळे आकडे प्रत्येक हॉस्पिटलच्या दारावर लावायला लावा ना. कायदाच करा. रुग्णाला कळायला नको?

ओटी नंबर दोन

इथे मी तुमच्याशी असहमत. न्यूयॉर्क राज्याने हृदयशस्त्रक्रियेत सर्जननिहाय मृत्युदर जाहीर करायला सुरुवात केल्यावर धोक्याच्या रुग्णांना सर्जन मिळेनासे झाल्याच्या तक्रारी आल्या. ट्रॉमात तर ‘बेड नाही’ म्हणणं फार सोपं आहे. आकडा दारावर लागला की अर्धमेला रुग्ण दारातून परत जाईल अशी मला भीती वाटते. अमेरिकेतल्या ट्रॉमा सेंटरांच्या टीक्विप या दर्जा-तुलनेच्या कार्यक्रमात प्रत्येकाला आपला अहवाल मिळतो आणि इतर सगळे बिननावाचे ठिपके दिसतात. आपण कुठे आहोत ते कळतं, आणि पुढच्या महिन्याच्या मीटिंगमध्ये त्यावर बोलावं लागतं.

तिरकी रेघ

पण डॉक्टर, बंद दाराआडच्या मीटिंगमुळे कोरा कागद यांना काय कळलं? ब्रिटनमध्ये टार्नने हॉस्पिटलनिहाय आकडे लोकांपुढे ठेवले, आकाश कोसळलं नाही. आणि २००७ च्या तिथल्या अहवालात ‘तपासलेल्यांपैकी जवळजवळ ६० टक्के रुग्णांना मिळालेले उपचार चांगल्या दर्जाच्या खाली होते’ हे उघडपणे छापलं. पाच वर्षांत, २०१२ मध्ये, इंग्लंडभर ट्रॉमा नेटवर्क उभी राहिली. छापलं नसतं तर राहिली असती?

ओटी नंबर दोन

हा मुद्दा मान्य. व्यवस्थेबद्दलचा अहवाल उघड हवाच. एकेका सर्जनच्या नावापुढे टक्का लावण्याला माझा विरोध कायम.

पै न पै

दोघांच्या मधलं सांगतो. परत पाठवलेलेही मोजा. ‘आमच्या दारात आले पण आत घेतले नाहीत’ असा रकाना सक्तीचा केला की डॉक्टरांची भीती बरीच कमी होईल. मोजणीतली पळवाट बुजवणं हे मोजणीचंच काम आहे.

कोरा कागद

चार दिवसांनी परत आले. सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. अनवट, तुमच्या आईबद्दल वाचून रडू आलं.

दोन्ही हॉस्पिटलांतून भावाचे कागद मागवले. पहिल्या ठिकाणचं एकच पान. येण्याची वेळ ९:३०, जाण्याची १२:००. मधल्या अडीच तासांत बीपी एकदाच लिहिलंय, टाके घातल्याचं लिहिलंय, आणि ‘नातेवाईकांना कल्पना दिली’. रात्रपाळी ताई, वेळा गोल आहेत.

दुसऱ्या हॉस्पिटलच्या फायलीत सगळ्यात मागे एका कोऱ्या पानावर पांढरी चिकटपट्टी डकवलेली. कडा काळवंडलेल्या, एका टोकाला तपकिरी डाग. तिच्यावर निळ्या पेनने, घाईचं अक्षर: ‘१२:४३ आला. बीपी ९४, पल्स १२८. १२:५१ रक्त १. १:०२ रक्त २. १:१० सीटी. १:४७ ओटी.’ मी ते पान किती वेळ हातात धरून बसले होते ठाऊक नाही.

पै न पै

९४! ट्रिसच्या कोष्टकात ८९ च्या वर बीपी असलं की पूर्ण गुण. म्हणजे डॉक्टरांनी काढलेले ९७ टक्के तसेच राहतात. पण १२८ पल्स, त्यात ९४, म्हणजे तो माणूस रक्त गमावत होता. सूत्राला दिसलं नाही, पट्टी लिहिणाऱ्या सिस्टरला दिसलं.

ओटी नंबर दोन

दारातून आल्यावर आठ मिनिटांत रक्त सुरू, सत्तावीस मिनिटांत सीटी, तासाभरात ओटी. पहिल्या रात्री त्या टीमने फार चांगलं काम केलंय. तो तिथे पोचला तेव्हा ट्रॅनेक्सामिकची तीन तासांची खिडकी मिटली होती. ते इंजेक्शन पहिल्या ठिकाणी मिळायला हवं होतं. आणि त्याच हॉस्पिटलने दुसऱ्या दिवशी पाऊल पाहिलं नाही. दोन्ही खरं आहे.

कोरा कागद

हो, आता मला दोन्ही एकाच वेळी मनात ठेवता येतंय. आधी येत नव्हतं.

मैत्रिणीबरोबर बसून दोन्ही हॉस्पिटलांना फोन केले. ९७ वाल्यांना विचारलं, कॅज्युअल्टीत गेलेले आणि पुढे पाठवलेले धरलेत का? म्हणाले, “ॲडमिट झालेलेच धरतो. पुढे पाठवले ते आमचे रुग्ण नव्हेत.” ९१ वाल्यांनी फोन नोंदवहीचं काम बघणाऱ्या बाईंना जोडून दिला. त्या म्हणाल्या, दारात श्वास चालू असलेला प्रत्येक जण धरतो. दर महिन्याला झालेला प्रत्येक मृत्यू एकत्र बसून वाचतो. तिसऱ्या तपासणीबद्दल विचारलं तर क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “दोन वर्षांपूर्वी एका रुग्णाचं मनगट राहिलं होतं. तेव्हापासून छापील कागद केलाय, त्याशिवाय आयसीयूतून वॉर्डात हलवत नाही.” घरी गेल्यावर फोन करता का? “अजून नाही,” म्हणाल्या.

सोसायटीच्या फलकावर ९१ वाल्यांचा नंबर लागला.

शिंपला

‘अजून नाही’ म्हणाल्या ते मला आवडलं. तुमच्या ओळखीने त्यांना व्हिक्टोरियाच्या फोनवरच्या प्रश्नांबद्दल लिहू का?

कोरा कागद

नक्की लिहा, नंबर व्यक्तिगत निरोपात देते.
रात्रपाळी ताई, एक विचारायचं राहिलं. भावाला ती पट्टी दाखवली. तो म्हणाला, हे कोणी लिहिलं ते शोध. पट्टीवर नाव नाही, सही नाही. कसं शोधू?

रात्रपाळी

पट्टीवर सही कोणी करत नाही. इमर्जन्सीच्या सिस्टर इनचार्जना भेटा आणि त्या तारखेचं ड्युटी रजिस्टर बघायला मागा. रात्रीच्या पाळीत तीन-चार नावं असतील. पट्टीचा फोटो बरोबर न्या. आम्ही एकमेकींची अक्षरं ओळखतो.